पेन्सिल लेकराच्याच हातात राहू दे

पोरी,

वारली पाड्यावरच्या शाळेत नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तू आधी मला फोन केलास आणि मग तुझ्या बापाला. त्या दिवसापासून रोज काही ना काही आठवतंय, तुला सांगून ठेवावं असं. फोनवर बोलायला गेलं तर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून कागदावर उतरवते. मी अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. पाठटाचण कसं काढायचं, हजेरीपट कसा ठेवायचा, पोषण आहाराची नोंद कुठं करायची, हे तुला मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख सांगतीलच. कुणी सांगणार नाही असं जे माझ्यापाशी आहे, तेवढं तुझ्या हवाली करते.

निघायच्या आधी एक काम कर. एक कोरी वही घे आणि शाळेत तू कुठं कुठं अडलीस ते आठवून लिही. कुठं नंबर आला ते नको. अडल्या जागा लिही. त्या वेळी वर्गात कुठं बसली होतीस, शेजारी कोण होतं, गुरुजी काय म्हणाले, पोटात कसं झालं, तेही लिही. आपल्याला जे चटकन आलं ते शिकवताना आपली पंचाईत होते, कारण ते कसं आलं हेच आपल्याला ठाऊक नसतं. जे रडत रडत आलं त्याची पायरी न् पायरी पायाला माहीत असते.

माझ्या वहीत सगळ्यात वर हातच्याची वजाबाकी आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी तिसरीत होते. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि मी तिथंच लिंबाखाली तुझ्या बापाला सांभाळत बसायची. तो तेव्हा चार वर्षांचा. सुकडी मिळायची ती दोघं खायचो. शाळेत परत गेले तोवर वर्ग गुणाकारावर पोचला होता. मधली पानं माझ्यासाठी कोरीच राहिली, आणि ती कोरी आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मी शेजारणीचं बघून उतरवायला शिकले होते. ५२ मधून २७ वजा करायला सांगितले की मी सरळ सातातून दोन काढायची आणि ३५ लिहायची. वहीवर फुली यायची. का चुकलं ते चौथीत गेले तरी कळलं नव्हतं.

ते सोडवलं आजीनं. आजीला अक्षर येत नव्हतं. तिची सगळी मोजणी ईसात, म्हणजे विसाविसात. दोन ईसा, तीन ईसा आन् वर पाच, अशी. एकदा आठवडी बाजारात तिच्या कनवटीला दहा पैशांची पाच नाणी आणि एक-एक पैशाचे दोन सुटे होते. मीठवाल्याला सत्तावीस पैसे द्यायचे होते. दहा पैशांची दोन नाणी तिनं दिली आणि मला म्हणाली, "आता सात पैसे द्यायचेत आन् सुटे दोनच हायेत. काय करावं गं?" मी म्हटलं, मोडून आणते. पळत जाऊन शेजारच्या पालावरून एका नाण्याचे दहा सुटे आणले. बारातले सात मीठवाल्याला दिले, पाच हातात राहिले आणि कनवटीला दहा पैशांची दोन नाणी. पंचवीस. मी तिथंच बाजारात उभी राहिले. वर्गातल्या फळ्यावर जो 'हातचा' खोडून लिहायचे तो हाच होता! मी पळत जाऊन आणलेला!

पुढं अडतीस वर्षं मी हातचा असाच शिकवला. वर्गाच्या एका कोपऱ्यात सुट्या पैशांचं दुकान मांडायचं. पुठ्ठ्याच्या दहाच्या आणि एकच्या नोटा करायच्या. ज्याला सुटे कमी पडतील त्यानं जागेवरून उठून चालत दुकानात जायचं, दहाची नोट मोडून आणायची आणि मग द्यायचे. तीन-चार दिवस पायांनी वजाबाकी होऊ दे. मग बसल्या जागी हातांनी. पाटीवर सगळ्यात शेवटी. घाई करून पाटी आधी आणलीस तर माझ्यासारखं ३५ लिहिणारं एक तरी लेकरू वर्गात गुपचूप बसलेलं असेल.

आकड्यांच्या नावांतही असाच एक खड्डा आहे. आपल्या मराठीत 'त्रेपन्न' म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि मग पन्नास. लेकरू ऐकतं तसं लिहितं, ३५. त्याला अडाणी म्हणू नकोस, ते कानाशी प्रामाणिक आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला. मी मात्र आजीचं 'तीन ईसा आन् पाच' ऐकत वाढलेली, मला त्यात वावगं काही वाटलं नाही. लेकराला दोन्ही वाटांनी जाऊ दे. 'पन्नास तीन' म्हणून ५३ लिहू लागलं की चार दिवसांनी तेच 'त्रेपन्न' म्हणू लागतं.

आता पेन्सिलीचं सांगते. हे नीट ऐक.

२००७ साली मला एमएस-सीआयटीला बसावं लागलं. वय त्रेचाळीस. तोवर मी संगणकाला बोट लावलं नव्हतं. शिकवायला विशीतला एक मुलगा होता, हुशार आणि स्वभावानंही चांगला. मी माउस हातात धरायची, बाण भलतीकडं जायचा, आणि तो पटकन माझ्या हातातून माउस घेऊन म्हणायचा, "मॅडम, असं." टक टक टक, झालं काम. मी मान हलवायची. तीन आठवडे असे गेले. सगळं त्यानं केलं होतं आणि मला फोल्डरसुद्धा उघडता येत नव्हतं. घरी येऊन मी देवासमोर बसून रडले आहे गं, तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळणारी बाई मी. मग एके दिवशी तो आला नाही. शेजारच्या मशीनवर अकरावीतली एक पोरगी बसायची, तिनं मला दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, ती माझ्यामागं हात बांधून उभी राहिली आणि नुसतं बोलत राहिली. "डावीकडं… अजून… आता दाबा… नाही आलं, परत दाबा." एका तासात मी चिठ्ठी टाइप करून सेव्ह केली. हात माझेच होते ना सगळ्या वेळी!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी स्वतःच्याच हातांवर पहारा ठेवला. पहिल्या तासात अकरा वेळा मी कुणाच्या ना कुणाच्या हातातली पेन्सिल घेतली. अकरा वेळा! तेवीस वर्षं नोकरी झाली होती तोवर. त्या दिवसापासून लेकराच्या वहीवर वाकताना हात पाठीमागं बांधायची सवय लावून घेतली. तूही लाव. अगदीच राहवलं नाही तर आपली वेगळी पाटी जवळ ठेव, त्यावर काढून दाखव, पण त्याच्या वहीवर त्याचंच अक्षर राहू दे, कितीही वाकडं असलं तरी.

त्यालाच जोडून आणखी एक. दरवर्षी काहीतरी साफ नवीन शिकत जा, ज्यात तू सगळ्यात मागं असशील. पोहणं शीक, पेटी शीक, तिथली बोली शीक. आपण न येणाऱ्याच्या जागी बसलो नाही की दोन-तीन वर्षांतच विसरतो, न येणं कसं असतं ते. आणि प्रश्न विचारलास की मनात दहा आकडे मोज. मोजून बघ, दहा फार लांब वाटतात. मी पूर्वी दोनवर थांबायची आणि पुढच्याकडं वळायची. आठ-नऊवर येणारी उत्तरं मला कित्येक वर्षं ऐकूच आली नव्हती.

आता गाव सोडून जाणाऱ्या लेकरांचं. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी आपलं घर ऊसतोडीला जायला लागलं. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीला गाड्या भरायच्या आणि उन्हाळा लागल्यावर परत यायचं. चौथी-पाचवीची दोन वर्षं मीही गेले. कोपीत राहायचं, पहाटे आई-बाप फडात गेले की तुझ्या बापाला बघायचं, वाढे गोळा करायचे, भाकरी थापायच्या. परत आल्यावर शाळेत गेले की गुरुजी सगळ्या वर्गासमोर उभं करायचे. "आले का पाहुणे? राहणार का जाणार परत?" पोरं हसायची. गुरुजी वाईट नव्हते, त्यांना ती थट्टा वाटायची. मला मात्र त्यामुळं शाळेच्या दारातून आत पाऊल टाकायला आठ-आठ दिवस लागायचे.

तुझ्या भागातली माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, म्हणजे तुझ्या वर्गातूनही लेकरं जातील आणि चार-सहा महिन्यांनी परत येतील. ती दारात दिसली की "कुठं होतास इतके दिवस?" हे विचारू नकोस. कुठं होता ते तुला माहीत आहे. "ये, तुझी जागा तशीच आहे," एवढं म्हण आणि जागा खरोखरच तशी ठेव. मी एक दोनशे पानी वही ठेवायची. जाणाऱ्या प्रत्येक लेकराचं एक पान. कुठल्या धड्यावर होतं, कुठली अक्षरं पक्की, कुठलं गणित अर्धवट. आलं की त्या पानावरून सुरू. आणि पहिल्या आठवड्यात त्यानं तिकडं पाहिलेलं त्यालाच वर्गाला सांगू दे. आमची लेकरं कारखान्यावरचा काटा कसा असतो ते सांगायची, ट्रकवर फळीवरून मोळी कशी चढवतात ते सांगायची, चिटबॉय चिठ्ठीवर काय काय लिहितो ते सांगायची. तक्त्यावर 'अ अननसाचा' आणि 'ई ईडलिंबाचा'. आमच्याकडं दोन्ही कुणी पाहिलेली नव्हती. 'ऊ उसाचा' आला की मात्र सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. म्हणून मी वाचन तिथूनच सुरू करायला लागले. ऊस, फड, काटा, बैल, वाढे, कोपी. जोडाक्षर एकही नाही आणि अर्थ सगळ्यांना ठाऊक. महिन्याभरात वाचायला लागायची लेकरं. तुझे शब्द वेगळे असतील. ते पुस्तकात शोधू नकोस, दुपारी भात वाढायच्या रांगेत उभी राहा आणि ऐक.

आता जे सांगायला जड जातंय ते सांगते.

नोकरीची पहिली सहा वर्षं मी मारायची. छडीनं, पट्टीनं, कधी हातानं. मला मारलं होतं, मी शिकले, नोकरीला लागले. म्हणजे माराचा उपयोग होतो, असा माझा साधा हिशेब. आजही हा हिशेब तुला स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं ऐकू येईल. "आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो." १९९०च्या दसऱ्याला तुझा बाप हंगामाला निघायच्या आदल्या रात्री माझ्याकडं जेवायला आला होता. मी सहज एका पोराचं सांगत होते, कसा सातच्या पाढ्यावर चोपला ते. तो घास खाली ठेवून म्हणाला, "आक्के, मी तिसरीत का गेलो न्हाई परत, ठाव हाय का तुला?"

मला वाटायचं, हंगामामुळं सुटली त्याची शाळा. घरात सगळ्यांना तसंच वाटायचं. हंगामावरून परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्याला पाढा विचारला. सहा महिने तो फडात होता, पाढा कुठून येणार? तळहातावर छड्या बसल्या. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या मागच्या ओढ्यात दिवसभर बसून राहिला. तिसऱ्या दिवशीही. मग ओढाच त्याची शाळा झाली. चौदा वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही सांगितलं नसेल.

त्या रात्री माझा हिशेब मोडला. मार खाऊन शिकलेले आपल्याला भेटतात, भाषणं करतात, गुरुजींच्या पाया पडतात. मार खाऊन पळालेले कुठं भेटणार? ते उसात असतात, भट्टीवर असतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली, त्याच्या खूप आधी माझी छडी चुलीत गेली होती. पण ती सहा वर्षं आहेतच. त्या पोरांपैकी दोघं आता नातवंडांना शाळेत सोडायला येतात. मी दोघांचीही हात जोडून माफी मागितली. एक हसला, एक हसला नाही.

आपल्या वाट्याला आलेला त्रास माणसाला दोन्हीकडं नेतो, हे लक्षात ठेव. कर्मवीर भाऊराव पाटलांना कोल्हापुरात शिकताना सोवळ्याओवळ्याचे नियम मोडल्यावरून वसतिगृह सोडावं लागलं होतं. पुढं १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहायचं, एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं असं. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. जे आपल्याला सोसावं लागलं ते पुढच्याला लागू नये, म्हणून आयुष्य घातलं माणसांनी. मी मात्र सहा वर्षं मला मिळालेलं तसंच्या तसं पुढं वाटत होते.

आणि चांगला अनुभवसुद्धा फसवतो, पोरी. हे मला फार उशिरा कळलं.

सहावीपासून मी हंगामाला गेले नाही. आजी म्हातारी झाली होती, तिच्याजवळ कुणीतरी हवं म्हणून मला ठेवलं. त्यामुळं मी शिकले, अंबाजोगाईला डी.एड. केलं, बाई झाले. साहजिकच माझ्या डोक्यात पक्कं बसलं की हंगामाच्या काळात लेकरू गावात ठेवलं की त्याचं भलं होतं. २०१२ला आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं. चौथीतली एक मुलगी, वाचनात सगळ्यांच्या पुढं. तिला ठेवायचंच, असा मी हट्ट धरला. तिच्या आईला तासभर समजावलं, बापाला माझंच उदाहरण दिलं. "मी राहिले म्हणून आज तुमच्यासमोर बाई म्हणून उभी आहे." त्यांनी ठेवली. पोरगी दोन दिवसांत बोलायची थांबली. आठवड्यात जेवण तुटलं. मला वाटलं, आईची सवय आहे, होईल कमी. पंधराव्या दिवशी ती तापानं फणफणली आणि तापात आईचं नाव न घेता धाकट्या भावाला हाका मारत राहिली. तो दोन वर्षांचा होता. जन्मल्यापासून तिनंच त्याला वागवलेलं, अंगावर झोपवलेलं. तिकडं कोपीत तो एकटा, या विचारानं तिला घास उतरत नव्हता. आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आईला विचारलं, बापाला विचारलं, तिला नाही.

मी स्वतः तिला एसटीनं घेऊन गेले, तिच्या आईकडं सोडून आले. येताना रात्रभर मला माझं सहावीतलं आठवत होतं. आजीच्या गोधडीत तोंड खुपसून मीही महिनाभर रडले होते. तुझा बाप तिकडं कुणाजवळ झोपत असेल म्हणून. हे सगळं मी विसरून गेले होते. राहिले आणि शिकले, एवढंच ठेवून बाकीचं पुसून टाकलं होतं. पुढच्या वर्षी दसऱ्याआधी मी त्या मुलीला जवळ बसवून विचारलं, "तुला काय केलेलं चालंल?" ती म्हणाली, "भाऊ बी राहिला तर राहीन. आजीपाशी." तिच्या आजीच्या घरी दोघांना ठेवलं, जेवायला वसतिगृहात. भाऊ वर्गात माझ्या टेबलाखाली झोपायचा. पोरगी पाचवीला वर्गात पहिली आली.

म्हणून सांगते, भट्टीवर जाणाऱ्या लेकराकडं बघताना तुला तुझ्या बापाचा ऊस दिसेल. दिसू दे. पण भट्टी म्हणजे ऊस नव्हे आणि वारली पाडा म्हणजे आपल्या गावाकडचा बालाघाट नव्हे. "मला कळतं गं तुझं" असं कुणाला म्हणायच्या आधी दहा आकडे मोज.

लहान लेकरांना शिकवायला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि १९५७ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. कोसबाड तुझ्याच तालुक्यात. एखाद्या रविवारी जाऊन ये. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, शिक्षण हीच एक वाट त्यांना सापडलेली. पण त्यांनी आपली शाळा आदिवासी लेकरांवर लादली नाही. लेकरं बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्यावर अंगणात नेली. त्यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला, जो सरकारनं १९७५ पासून देशभर नेला. ढोरं राखायला जाणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा भरवली. धाकट्याला सांभाळायला घरी राहणाऱ्या ताईसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. शिकवायची साधनं शंखशिंपले, बिया, खडे अशी तिथलीच. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मी डी.एड.ला असताना वाचलं असतं तर लिंबाखाली बसलेल्या मला तेव्हाच उत्तर सापडलं असतं. मी ते वाचलं नोकरीला वीस वर्षं झाल्यावर. तुझ्या पिशवीत मी माझी प्रत घालते आहे.

तिथली बोली पहिल्या दिवसापासून वहीत उतरवून घे. लेकरांनाच विचार, ह्याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. तू चुकीचा उच्चार केलास की ती हसतील. हसू दे. बाईलाही अडतं, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की त्यांची स्वतःची जीभ सुटते. आणि कुणी आपल्या बोलीत उत्तर दिलं तर उत्तर बरोबर आहे का ते आधी बघ. भाषा नंतर.

मदतीचं थोडक्यात सांगते. शाळेत लेकरांना वह्या-गणवेश वाटताना फोटो काढायला माणसं येतील. जमेल तेवढं टाळ. पाचवीत माझा एक असा फोटो निघाला होता, हात पुढं केलेला. तो गावात लागला होता, त्यानंतर मी फोटोतला तो फ्रॉक घातला नाही. द्यायचं असेल तर सगळ्या वर्गाला सारखं दे, नाहीतर मधल्या सुट्टीत दप्तरात ठेव. पण माझ्या अनुभवात आपल्या माणसांना वस्तूंपेक्षा कागद जास्त लागतो आणि तो वेळेवर लागतो. माझं एक वर्ष जाता जाता राहिलं ते एका दाखल्यावरून. शाळेतल्या एका कारकुनानं माझ्या बापाला "उद्या या" म्हटलं नाही. जेवणाची सुट्टी सोडून दाखला लिहिला, सही आणून दिली, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून म्हणाला, "दुमडू नका, पावसात भिजवू नका." त्या माणसाइतकी मोठी मदत मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही. तेव्हा जातीचा दाखला, आधार, बँकेचं खातं, शिष्यवृत्तीचा फॉर्म, ह्यातला प्रत्येक कागद एकदा तरी स्वतः तहसीलला जाऊन, रांगेत उभी राहून काढून बघ. कुठल्या खिडकीवर किती वेळ लागतो, झेरॉक्स किती लागतात, हे तुला तोंडपाठ असलं पाहिजे. जाणाऱ्या लेकराच्या हातात शिक्षण हमी कार्ड दे आणि त्याच्या आईला समजावून सांग, की हे घेऊन तिथल्या शाळेत जायचं, आणि दाखला नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही. तिला ते दोनदा म्हणायला लाव. कचेरीत आवाज फुटायला सवय लागते.

शेवटचं तुझ्या बापाचं. मी पाहिलेला सगळ्यात चांगला शिक्षक तो आहे, आणि हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. एकदा संक्रांतीच्या सुट्टीत मी त्याला भेटायला फडात गेले होते. त्या दिवशी एक नवीन जोडी आली होती, पोरगा असेल अठरा-एकोणीसचा. त्याला तोडता येत नव्हतं, बुडखे वर राहत होते. बुडखा वर राहिला की साखर शेतातच राहते, खोडवाही नीट फुटत नाही, मालक भांडायला येतो. तुझ्या बापानं आपला धार लावलेला कोयता त्याला दिला आणि त्याचा बोथट आपण घेतला. त्याच्या शेजारची सरी धरली. काही बोलला नाही, नुसता सावकाश तोडत राहिला, पोराला दिसेल असा. घटकाभरानं बसले तेव्हा एक ऊस घेतला, शेंड्याचा तुकडा त्याला चघळायला दिला, मग अगदी बुडातला. पोरगा चघळत राहिला आणि मग खाली सरीकडं बघायला लागला. दुपारनंतर त्याचा एकही बुडखा वर राहिला नाही.

तर रुजू व्हायच्या आधी दोन दिवस गावाकडं जाऊन ये. गेली दोन वर्षं तो हंगामाला जात नाही, घरीच असतो. संध्याकाळी ओसरीवर त्याच्याजवळ बस आणि त्याला त्या ओढ्याचं विचार. लगेच सांगणार नाही. थांब. बोटं आता नीट मिटत नाहीत त्याची, तरी ऊस तोच सोलून देईल. देऊ दे.